रूकी स्तरावरच्या बेसबॉल संघाची यादी कशी वाचावी

मेजर लीग बेसबॉल या अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेतल्या प्रत्येक संघाच्या हाताखाली मायनर लीगच्या संघांची एक उतरंड असते. ट्रिपल-ए, डबल-ए, हाय-ए, सिंगल-ए आणि सर्वांत खाली रूकी, म्हणजे नवख्यांचा स्तर, असा तिचा क्रम आहे. या तळाच्या संघाची यादी पहिल्यांदा उघडणाऱ्या वाचकाला तीसहून अधिक अनोळखी नावे, उंची, वजन, जन्मतारीख, दोन-चार संक्षेप आणि फलंदाजीचे किंवा पिचिंगचे (चेंडू टाकण्याचे) आकडे दिसतात. साहजिकच त्याची नजर आकड्यांकडे जाते, आणि ज्याची सरासरी सर्वांत चांगली तोच उद्याचा तारा असे तो धरून चालतो. या स्तरावर तसे धरून चालणे बहुतेक वेळा चुकते. येथे आकडे सर्वांत शेवटी वाचावेत. त्याआधी वय पाहावे, खेळाडू संघात कोणत्या वाटेने आला ते पाहावे आणि त्याची शरीरयष्टी व मैदानावरची जागा पाहावी. ही सवय लावून घेतली की एरवी कोरडी वाटणारी यादी वाचताना पुढच्या पाच वर्षांचा अंदाज बांधता येऊ लागतो.

यादी नेमकी कोणत्या लीगची आहे, हे आधी ठरवून घ्यावे. २०२१ पासून अमेरिकेत रूकी स्तरावर दोनच लीग उरल्या आहेत, अ‍ॅरिझोना कॉम्प्लेक्स लीग आणि फ्लोरिडा कॉम्प्लेक्स लीग. तिसरी, डॉमिनिकन समर लीग, डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये खेळली जाते आणि तिथली मुले वयाने आणखी लहान असतात. फ्लोरिडातली लीग २०२० पर्यंत गल्फ कोस्ट लीग या नावाने ओळखली जात असे. त्याच वर्षापर्यंत अ‍ॅपलाचियन लीग आणि पायोनियर लीग याही रूकी स्तरावर गणल्या जात. मायनर लीगची पुनर्रचना झाली तेव्हा अ‍ॅपलाचियन लीग महाविद्यालयीन खेळाडूंची उन्हाळी स्पर्धा झाली आणि पायोनियर लीग स्वतंत्र झाली. म्हणून एखाद्या नामवंत खेळाडूच्या जुन्या नोंदीत ब्लूफील्ड, किंग्जपोर्ट किंवा डॅनव्हिल ही गावे दिसली, तर ते अ‍ॅपलाचियन लीगमधले रूकी हंगाम आहेत हे ओळखावे. मात्र त्या लीगमध्ये महाविद्यालयातून आलेले थोरले खेळाडूही बरेच असत, त्यामुळे तिथल्या आकड्यांची आजच्या कॉम्प्लेक्स लीगशी सरळ तुलना करू नये.

कॉम्प्लेक्स लीग म्हणजे मेजर लीग संघांच्या वसंत सराव केंद्रांतल्या मैदानांवर भरणारी लीग. अ‍ॅरिझोनात मेसा, स्कॉट्सडेल, पिओरिया, सरप्राइज, गुडइयर, ग्लेनडेल ही फिनिक्सच्या आसपासची गावे, तर फ्लोरिडात ब्रॅडेंटन, टॅम्पा, लेकलँड, फोर्ट मायर्स, ज्युपिटर अशी ठिकाणे. प्रेक्षक मोजकेच असतात आणि त्यांत खेळाडूंचे नातेवाईक व स्काउट (खेळाडू हेरणारे जाणकार) यांचा भरणा असतो. निकालाला येथे फारसे महत्त्व नाही. प्रशिक्षक एखाद्या पिचरला आज फक्त चेंजअपच (फसवा संथ चेंडू) जास्त टाकायला सांगतात, एखाद्या फलंदाजाला नवा स्टान्स देतात आणि त्यात सामना हरला तरी चालतो. ही गोष्ट लक्षात ठेवली नाही, तर पुढचे सगळे वाचन कोलमडते.

वय आधी पाहावे

जन्मतारखेवरून खेळाडूचे हंगामी वय काढावे. ३० जूनला त्याचे जे वय असते, ते त्या हंगामाचे वय मानण्याची पद्धत रूढ आहे. कॉम्प्लेक्स लीगमध्ये अठरा ते वीस हे नेहमीचे वय आहे. सतरा वर्षांचा मुलगा येथे टिकून खेळत असेल, तर त्याची सरासरी जेमतेम असली तरी त्याच्या नावापुढे खूण करावी. एकवीस-बावीस वर्षांचा खेळाडू येथे चेंडू कुंपणाबाहेर धाडत असेल, तर तो आपल्याहून तीन-चार वर्षांनी लहान मुलांविरुद्ध खेळतो आहे हे विसरू नये. मुंबईच्या शालेय क्रिकेटशी परिचय असलेल्या वाचकाला हे वेगळे सांगायला नको. हॅरिस शील्डमधले त्रिशतक वर्तमानपत्रात झळकते, पण रणजी संघाची निवड करणारा माणूस ते कोणत्या वयात, कोणत्या गोलंदाजीपुढे आणि कोणत्या तंत्राने झाले, हे आधी विचारतो.

वयाचे महत्त्व दोन नोंदींतून चांगले कळते. पुढे मेजर लीगचा तारा झालेला माइक ट्राउट २००९ मध्ये अ‍ॅरिझोनातल्या रूकी संघाकडून ३९ सामन्यांत .३६० च्या सरासरीने, म्हणजे शंभर प्रयत्नांत ३६ यशस्वी फटके या प्रमाणात, खेळला. हंगामाच्या सुरुवातीला तो सतरा वर्षांचा होता आणि ऑगस्टमध्ये त्याला अठरावे संपले. हुआन सोतोने २०१६ मध्ये गल्फ कोस्ट लीगमध्ये .३६१ ची सरासरी राखली, तीही वयाच्या सतराव्या वर्षी, आणि दोनच वर्षांनी, मे २०१८ मध्ये, तो वॉशिंग्टनच्या मेजर लीग संघात होता. हीच सरासरी एकविसाव्या वर्षी गाठली असती, तर तिची इतकी वाखाणणी झाली नसती.

तरीही वय हा न मोडणारा नियम नाही, विशेषतः पिचरच्या बाबतीत. जेकब डिग्रॉम २०१० च्या ड्राफ्टमध्ये (संघांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याची पद्धत) नवव्या फेरीत निवडला गेला. महाविद्यालयात तो मुख्यतः शॉर्टस्टॉप (सेकंड आणि थर्ड बेसच्या मधला क्षेत्ररक्षक) होता आणि पिचिंगकडे उशिरा वळला होता. किंग्जपोर्टच्या रूकी संघात बावीस वर्षांच्या या खेळाडूचा ईआरए (पिचरच्या खात्यावरच्या धावांची नऊ इनिंगमागची सरासरी, जितकी कमी तितकी चांगली) ५.१९ होता आणि त्याच वर्षी त्याच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली. यादीतली ती ओळ वाचून कोणीही पान उलटले असते. पुढे २०१८ आणि २०१९ अशी सलग दोन वर्षे त्याने सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार जिंकला. येथे बघण्यासारखी गोष्ट त्याचा पूर्वेतिहास आहे. ज्याने पिचिंग नुकतेच सुरू केले आहे, त्याचा हात कमी वापरला गेलेला असतो आणि त्याची शिकण्याची मुदत अजून संपलेली नसते. म्हणून वय पाहताना तो खेळाडू सध्याची भूमिका किती वर्षे करतो आहे, हेही तपासावे.

त्याच लीगमध्ये दुसरा किंवा तिसरा हंगाम काढणाऱ्या विसाव्या वर्षाच्या खेळाडूकडे मात्र सावधपणे पाहावे. दुखापतीमुळे एखादे वर्ष वाया गेले असेल तर गोष्ट निराळी. अन्यथा संघाने त्याला वर पाठवले नाही, यातच संघाचे मत दिसते.

कोणत्या वाटेने आला

अमेरिका, कॅनडा आणि पोर्तो रिको येथील खेळाडू ड्राफ्टमधून येतात. २०२१ पासून हा ड्राफ्ट जुलैमध्ये होतो आणि त्यात वीस फेऱ्या असतात. बाकी देशांतले, मुख्यतः डॉमिनिकन रिपब्लिक आणि व्हेनेझुएला येथील मुले आंतरराष्ट्रीय करारातून येतात. हा करारांचा हंगाम आता दरवर्षी १५ जानेवारीला सुरू होतो आणि सही करताना मुलाला सोळा वर्षे पूर्ण झालेली असावी लागतात. जानेवारीत सही, पहिला उन्हाळा डॉमिनिकन समर लीगमध्ये आणि पुढल्या वर्षी अमेरिकेतली कॉम्प्लेक्स लीग, हा त्यांचा नेहमीचा प्रवास आहे. सहीनंतर दुसऱ्याच वर्षी जो अमेरिकेत आला, त्याची चाल योग्य आहे असे समजावे. नुसत्या जन्मस्थळावरून वाट ठरवू नये, कारण डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये जन्मलेला पण अमेरिकेत शाळा शिकलेला मुलगा ड्राफ्टमधूनच येतो.

२०२४ पासून कॉम्प्लेक्स लीगचे वेळापत्रक अलीकडे आणले गेले. हंगाम मेच्या आरंभी सुरू होतो आणि जुलैच्या अखेरीपर्यंत आटोपतो. यामुळे यादीचे रूप बदलले, आणि जुन्या सवयीने वाचणारे येथे हमखास गोंधळतात. पूर्वी जून-जुलैत निवडलेले शाळकरी खेळाडू लगेच त्याच उन्हाळ्यात रूकी संघात दिसत. आता ड्राफ्ट होईपर्यंत हंगाम जवळजवळ संपलेला असतो. त्यामुळे मे-जूनच्या यादीत आंतरराष्ट्रीय वाटेने आलेली मुले आणि गेल्या वर्षी शाळेतून निवडलेले खेळाडू हेच प्रामुख्याने भेटतात. यंदाच्या ड्राफ्टमधला एखादा खेळाडू यादीत नाही म्हणून तो मागे पडला, असा निष्कर्ष काढू नये.

सहीच्या वेळी मिळालेला बोनस जाहीर झालेला असेल तर तो नावापुढे लिहून ठेवावा, पण त्याचा अर्थ नीट लावावा. व्लादिमिर गेरेरो ज्युनिअरला २०१५ मध्ये ३९ लाख डॉलर मिळाले, सोतोला १५ लाख. रोनाल्ड अकुन्या ज्युनिअरने मात्र एक लाख डॉलरवर सही केली होती आणि होजे अल्तुवेने अवघ्या पंधरा हजारांवर. अल्तुवेला तर उंचीमुळे निवड चाचणीच्या मैदानावरून परत पाठवण्यात आले होते. तो पुढे अमेरिकन लीगचा सर्वोत्तम खेळाडू झाला, अकुन्या नॅशनल लीगचा (मेजर लीगचे हे दोन विभाग). तेव्हा बोनसवरून गुणवत्तेचा अंदाज अर्धामुर्धाच येतो, पण मुलाला किती संधी मिळतील याचा अंदाज बराच अचूक येतो. ज्याच्यावर लाखो डॉलर खर्च झाले, त्याचे दोन वाईट हंगाम संघ पोटात घालतो. दहा हजारांवर आलेल्या मुलाला तेवढी सवलत मिळत नाही. २०२४ पासून हंगामात अमेरिकेतल्या सर्व मायनर संघांत मिळून एका मेजर लीग संघाला १६५ खेळाडूच ठेवता येतात, पूर्वी ही मर्यादा १८० होती, आणि कपातीची कुऱ्हाड पहिल्यांदा याच कमी बोनसच्या मुलांवर पडते. ड्राफ्टमधल्या खेळाडूंसाठी आणखी एक खूण पाहावी. अकराव्या ते विसाव्या फेरीतला एखादा शाळकरी खेळाडू त्या फेऱ्यांच्या मानाने पुष्कळ मोठ्या रकमेवर आला असेल, तर संघाने त्याला महाविद्यालयाच्या वाटेवरून मुद्दाम वळवून आणलेले असते. फेरीच्या आकड्यापेक्षा ही रक्कम अधिक बोलते.

पैशांचा विषय निघालाच आहे, तर एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. २०२३ मध्ये मायनर लीग खेळाडूंचा पहिला सामूहिक करार झाला. त्याआधी या स्तरावरच्या खेळाडूची वर्षाची किमान कमाई ४,८०० डॉलर होती. करारानंतर ती १९,८०० झाली. मोठा बोनस न मिळालेली मुले त्याआधी हंगामाबाहेर पडेल ते काम करून दिवस काढत असत, आणि ज्या महिन्यांत शरीर कमवायचे त्याच महिन्यांत ती दुसऱ्याची ओझी वाहत. जुन्या काळातल्या एखाद्या खेळाडूची प्रगती मंद दिसली, तर त्यामागे हेही कारण असू शकते.

एक ओळ जवळून

समजा, यादीत अशी एक ओळ आहे: डावखुरा पिचर, व्हेनेझुएलाचा, वय अठरा, उंची सहा फूट तीन इंच, वजन १७५ पौंड. उदाहरण कल्पित आहे, पण अशी ओळ जवळजवळ प्रत्येक यादीत सापडते. एक तर हे वजन बहुधा जुने असते. सही करताना नोंदवलेला आकडा दोन-दोन वर्षे तसाच राहतो, म्हणून अलीकडचे छायाचित्र किंवा चित्रफीत पाहावी. खांदे रुंद आणि कंबर बारीक असेल, तर पुढच्या तीन-चार वर्षांत वीस-पंचवीस पौंड चढायला जागा आहे आणि त्याबरोबर चेंडूचा वेग वाढण्याची शक्यता आहे. डावखुरेपणामुळे त्याला धीर धरून खेळवले जाईल. आज त्याचा वेग ताशी ९० मैल असला तरी निराश होण्याचे कारण नाही. हेच शरीर आधीच भरलेले असेल आणि वेग ९० वरच अडला असेल, तर वाढीला वाव कमी उरतो.

फलंदाजांच्या बाबतीत मैदानावरची जागा पाहावी, आणि येथे यादी हमखास फसवते. प्रत्येक रूकी संघात चार-पाच शॉर्टस्टॉप दिसतात, कारण लहानपणी सर्वांत चपळ मुलाला त्याच जागी उभे करतात. त्यांतले बरेच जण पुढे सेकंड बेस, थर्ड बेस किंवा आउटफिल्डकडे सरकतात. यादीतल्या संक्षेपावर न विसंबता, प्रत्यक्षात तो कोणत्या जागी किती सामने खेळला ते शोधावे. अठराव्या वर्षीच फर्स्ट बेसवर उभा असलेला खेळाडू पुढे केवळ फलंदाजीच्या जोरावर तरला तर तरेल. कॅचर (बेसबॉलचा यष्टिरक्षक) कितीही कच्चा वाटला तरी त्याला घाईने बाद करू नये, कारण ही जागा शिकायला सर्वांत जास्त वर्षे लागतात. शिवाय भूमिका बदलतात. केनली जॅन्सन डॉजर्सकडे कॅचर म्हणून आला होता, आणि त्याचे नाव झाले ते शेवटच्या इनिंगचा पिचर म्हणून.

यादीत मधूनच एखादे तिशीतले, ओळखीचे नाव दिसले तर चक्रावून जाऊ नये. दुखापतीतून सावरणारे मेजर लीग खेळाडू सरावासाठी काही दिवस येथे खेळतात. फलंदाजांना यासाठी वीस दिवसांची आणि पिचरना तीस दिवसांची मर्यादा आहे. त्यांचे आकडे बाजूला ठेवावेत, मात्र त्यांच्याविरुद्ध एखाद्या अठरा वर्षांच्या पिचरने काय केले ते आवर्जून पाहावे.

आता आकडे

या स्तरावर क्षेत्ररक्षण कच्चे असते, फेकी इकडेतिकडे जातात, पिचरचा चेंडूवर ताबा नसतो आणि अ‍ॅरिझोनातल्या कोरड्या हवेत धावांचा पाऊस पडतो. म्हणून बॅटिंग सरासरीकडे दुर्लक्ष करून आधी स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन बाद होणे) आणि वॉक (चार वाईट चेंडूंमुळे आयता मिळालेला फर्स्ट बेस) यांचे प्रमाण काढावे. एका फलंदाजाने २०० वेळा फलंदाजीला येऊन .२५५ ची सरासरी राखली, ३० वेळा तो स्ट्राइकआउट झाला आणि २८ वॉक मिळवले असे समजू. त्याचे प्रमाण १५ टक्के आणि १४ टक्के येते. दुसऱ्याने तितक्याच संधींत .३३० ची सरासरी गाठली, पण ६६ स्ट्राइकआउट आणि ९ वॉक घेतले. त्याचे प्रमाण ३३ टक्के आणि साडेचार टक्के. पहिल्याला चांगला-वाईट चेंडू ओळखता येतो. दुसरा येथल्या कच्च्या पिचरवर हात धुऊन घेतो आहे, आणि डबल-एमध्ये नेमका ब्रेकिंग बॉल (वळणारा चेंडू) टाकणारे पिचर भेटले की तो अडखळेल. दोघांचे वय सारखे असेल तर मी पहिल्याच्या बाजूने निःशंकपणे उभा राहीन. स्ट्राइकआउटचे प्रमाण ३० टक्क्यांवर गेले की माझ्या लेखी ती धोक्याची खूण असते, मग होम रन कितीही असोत.

पिचरचे आकडे वाचताना इनिंगच्या रकान्यातला दशांश नीट समजून घ्यावा. ६.१ म्हणजे सहा इनिंग आणि एक आउट, कारण एका इनिंगमध्ये तीन आउट असतात. एवढ्या थोड्या खेळावर ईआरए किती फसवा असतो, हे भारतीय वाचकांना जवळच्या एका उदाहरणावरून दिसेल. २००८ मध्ये भारतात झालेल्या मिलियन डॉलर आर्म या स्पर्धेतून उत्तर प्रदेशातले रिंकू सिंह आणि दिनेश पटेल हे दोन युवक पुढे आले. दोघांनीही तोवर बेसबॉल खेळलेला नव्हता, रिंकू तर भालाफेकपटू होता. त्याच वर्षाच्या अखेरीस पिट्सबर्ग पायरेट्सने दोघांशी करार केला आणि २००९ मध्ये ते ब्रॅडेंटनला गल्फ कोस्ट लीगमध्ये उतरले. त्या हंगामात दिनेशचा ईआरए होता १.४२ आणि रिंकूचा ५.८४. कागदावर दिनेश कितीतरी सरस. पण दिनेश सहा सामन्यांत मिळून ६.१ इनिंग खेळला होता आणि त्याच्यावर एकच अर्न्ड रन (क्षेत्ररक्षणाच्या चुकीशिवाय गेलेली धाव) चढला होता. आणखी एका इनिंगमध्ये चार धावा गेल्या असत्या, तर हाच ईआरए ६.१४ झाला असता. २०१० अखेर संघाने दिनेशला मोकळे केले. डावखुरा रिंकू टिकला, चढत चढत वेस्ट व्हर्जिनियाच्या पूर्ण हंगामी, म्हणजे रूकीच्या वरच्या, संघात पोहोचला आणि २०१२ मध्ये तेथे ३९ सामन्यांत ७२ इनिंग टाकून त्याने ३.०० चा ईआरए राखला. पुढे दुखापतींनी त्याला मायनर लीगच्या सामन्यात पुन्हा उतरू दिले नाही. रूकी वर्षाच्या त्या दोन आकड्यांवरून यातले काहीही सांगता आले नसते.

त्याऐवजी पिचरच्या स्ट्राइकआउटच्या टक्केवारीतून वॉकची टक्केवारी वजा करावी. २५ टक्के स्ट्राइकआउट आणि १० टक्के वॉक असतील तर उत्तर १५, आणि अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलासाठी ते समाधानकारक आहे. त्यानंतर दोन सामन्यांमधले अंतर पाहावे. ठरावीक दिवसांनी सामन्याची सुरुवात करणारा आणि दर वेळी थोडी जास्त इनिंग टाकणारा पिचर संघाच्या योजनेत आहे. मधेच तीन आठवड्यांची पोकळी दिसली तर दुखापतीची नोंद शोधावी.

स्काउटचे अहवाल वाचनात आले तर त्यांची २० ते ८० ही मोजपट्टी माहीत असावी. ५० म्हणजे मेजर लीगमधला सरासरी दर्जा, ८० म्हणजे अव्वल. अहवालात सहसा आजचा आणि भविष्यातला असे दोन अंक देतात. आजचा ३० आणि उद्याचा ५५ यांत गैर काही नाही, रूकी स्तरावर ते स्वाभाविकच आहे.

फिनिक्स किंवा टॅम्पाच्या परिसरात राहणाऱ्या मराठी मंडळींनी हे सामने जाऊन पाहावेत. बहुतेक ठिकाणी तिकीट नसते आणि जाळीच्या मागे अगदी जवळ उभे राहता येते. सोबत स्टॉपवॉच ठेवावे. बॅटला चेंडू लागल्यापासून फर्स्ट बेसवर पाय पडेपर्यंत उजव्या फलंदाजाला ४.३ सेकंद आणि डावखुऱ्याला ४.२ सेकंद लागले, तर त्याची धाव मेजर लीगच्या सरासरीची आहे. कॅचरने चेंडू पकडल्यापासून तो सेकंड बेसवरच्या हातमोज्यात पोहोचेपर्यंत दोन सेकंदांच्या आसपास वेळ लागत असेल तर तोही चांगला. भारतातून पाठपुरावा करणाऱ्यांना अ‍ॅरिझोनातल्या संध्याकाळच्या सामन्यांचे धावफलक आपल्या सकाळी मिळतात, कारण तिथले सायंकाळचे सहा म्हणजे आपले दुसऱ्या दिवशीचे सकाळचे साडेसहा. फ्लोरिडातले सामने बरेचसे दिवसा असतात, म्हणजे आपल्या रात्री.

हंगाम चालू असताना संघाच्या रोजच्या हालचालींची नोंद पाहत राहावे. जूनमध्येच सिंगल-एला बढती मिळणे ही या स्तरावरची सर्वांत खात्रीची शुभवार्ता आहे, आणि मार्चच्या अखेरीस मोकळे केलेल्यांच्या यादीत नाव येणे ही सर्वांत खात्रीची वाईट बातमी. खूण केलेल्या प्रत्येक नावापुढे शेवटी एक वर्ष लिहून ठेवावे. अठरा किंवा त्याहून कमी वयात सही केलेला खेळाडू सहीनंतरच्या पाचव्या रूल ५ ड्राफ्टमध्ये (दुसऱ्या संघांचे मुख्य यादीबाहेरचे खेळाडू उचलण्याची वार्षिक निवड) इतर संघांना खुला होतो, एकोणीस किंवा अधिक वयाचा चौथ्या. म्हणजे जानेवारी २०२४ मध्ये सोळाव्या वर्षी सही केलेल्या मुलाबाबत त्याच्या संघाला नोव्हेंबर २०२८ पर्यंत ठरवावे लागेल, की त्याला चाळीस जणांच्या मुख्य यादीत घ्यायचे की दुसऱ्या कोणी उचलण्याची जोखीम पत्करायची.